वीरगळापासून नावांच्या शिळांपर्यंत : बेंगळुरूचे राष्ट्रीय सैनिक स्मारक

बेंगळुरू शहराच्या मध्यभागी, विधान सौधापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, हाय ग्राउंड्स भागात राष्ट्रीय सैनिक स्मारकाचे उद्यान आहे. जवाहरलाल नेहरू तारांगण तेथून जवळच आहे. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बेंगळुरू विकास प्राधिकरणाने हे स्मारक उभारले. उद्यानात शिरल्यावर दृष्टी प्रथम जाते ती एका उंच पाषाणस्तंभाकडे. त्याची उंची ७५ फूट, म्हणजे साधारण सात मजली इमारतीएवढी आहे. देवनहळ्ळीजवळच्या कोयरा गावातील खाणीतून काढलेल्या अखंड ग्रॅनाइट शिळेतून तो घडवण्यात आला असून त्याचे वजन सुमारे ४५० टन असल्याचे सांगण्यात येते. या स्तंभाला कन्नड भाषेत 'वीरगल्लु' असे नाव देण्यात आले आहे.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. 'कल्लु' म्हणजे दगड. वीराचा दगड तो वीरगल्लु आणि त्याचेच मराठी रूप म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रातील असंख्य गावांत, शिवमंदिराच्या आवारात, वेशीजवळ किंवा पिंपळाच्या पारावर शेंदूर फासलेल्या अशा शिळा आजही दिसतात. गावकरी त्यांची ग्रामदैवत म्हणून पूजा करतात, काही ठिकाणी त्यांच्यावर कपडेही धुतले जातात. बेंगळुरूच्या स्मारकाने आधुनिक युद्धांतील मृतांसाठी हीच जुनी खूण निवडली आहे. त्यामुळे हे स्मारक पाहताना मराठी माणसाच्या मनात सहज एक प्रश्न येतो. आपल्या गावच्या वीरगळावर नाव नसते. येथील शिळांवर मात्र वीस हजारांहून अधिक नावे आहेत. मधल्या काळात नेमके काय बदलले?

दगडावरची कथा

वीरगळाची रचना बहुधा ठरलेली असते. शिळेवर एकावर एक तीन किंवा चार चौकटी कोरलेल्या असतात आणि त्या खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खालच्या चौकटीत वीर धारातीर्थी पडलेला असतो; अनेकदा शेजारी गाईगुरे असतात, कारण गोधन पळवणाऱ्यांशी झालेल्या चकमकीत मरण येणे ही त्या काळातील नेहमीची घटना होती. मधल्या चौकटीत प्रत्यक्ष लढाई असते किंवा अप्सरा वीराला वर घेऊन जात असतात. वरच्या चौकटीत तो स्वर्गात शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र व सूर्य असतात. जोवर हे दोघे आहेत तोवर कीर्ती राहील, असा त्यांचा अर्थ.

कीर्ती राहील, पण कोणाची? महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर लेख नाही. मुंबईतील बोरिवलीजवळच्या एकसर येथील प्रसिद्ध वीरगळांवर वल्ही मारणाऱ्या खलाशांसह युद्धनौकांची रांगच कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या सागरी संघर्षाशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. परंतु हे अनुमान शिल्पावरून आणि इतर साधनांवरून काढावे लागते. शिळा स्वतः काही सांगत नाही. ज्याच्यासाठी एवढी जहाजे कोरली गेली, त्याचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही.

ज्या समाजात सर्व जण एकमेकांना ओळखत होते, तेथे नाव लिहिण्याची गरज भासली नसावी. शिळा कोणाची हे गावाला माहीत होते. गाव उठले, पिढ्या बदलल्या आणि नाव हरवले. एस. सेट्टर आणि ग्युंथर सोन्थायमर यांनी १९८२ साली संपादित केलेला स्मृतिशिळांवरील ग्रंथ या विषयाच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो. धनगर समाजाच्या आणि खंडोबाच्या परंपरेवरील संशोधनामुळे सोन्थायमर यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहेच. मेलेला वीर देव कसा होतो, हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. देव झाला की मग नावाची आवश्यकता उरत नाही, असेही म्हणता येईल.

कर्नाटकात परिस्थिती काहीशी निराळी आहे. येथील वीरगळांपैकी पुष्कळांवर कन्नड लेख आहेत आणि त्यांत मृताचे नाव, त्याच्या धन्याचे नाव, कधी लढाईचे ठिकाण तर कधी मरणाचे कारण नोंदवलेले असते.

शहराच्या नावाची पहिली नोंद

बेंगळुरूच्या नावाविषयी एक आवडती दंतकथा आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीत वाट चुकला, एका वृद्धेने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले आणि त्या प्रसंगावरून गावाला 'बेंद काळ ऊरू', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले, अशी ही कथा. ती गोड आहे, पण शिलालेखांपुढे टिकत नाही. शहराच्या दक्षिणेकडील बेगूर येथील प्राचीन मंदिराच्या आवारात सुमारे इसवी सन ८९० मधील एक वीरगळ आहे. गंग राजांचा सरदार नागत्तर याच्या पदरी असलेला बुट्टणसेट्टी हा 'बेंगळूरच्या लढाईत' मरण पावला, असे त्यावरील लेख सांगतो. होयसळ राजा त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झाला आणि केंपेगौडाने शहर वसवले ते १५३७ साली.

याचा अर्थ असा, की आज माहिती तंत्रज्ञानासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या शहराचे नाव प्रथम आढळते ते एका माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत. ती लढाई कोणामध्ये झाली, का झाली, कोण जिंकले, यांपैकी काहीही तो लेख सांगत नाही. एक नाव, एक गाव आणि एक मरण एवढेच तो सांगतो.

नागत्तरही पुढे लढाईतच पडला. त्याच्या मृत्यूची शिळा बेगूरहून हलवण्यात आली आणि कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात गेली. नोळंब राजा वीरमहेंद्राविरुद्ध तुंबेपाडी येथे झालेल्या युद्धात, गंग राजा एरेयप्पाच्या आज्ञेने गेलेला नागत्तर हत्तींच्या झुंजीत ठार झाला, असे तिच्यावरील लेखात म्हटले आहे. शिळेवर हत्ती, घोडेस्वार, पायदळ आणि प्रेतांवर उतरलेले पशुपक्षी यांची एवढी दाटी आहे, की डोळा ठरत नाही. युद्धाचे सौंदर्यीकरण असे तिच्याविषयी म्हणणे कठीण आहे. शिल्पकाराने गिधाडेही वगळलेली नाहीत. लेखाचा पुढचा भाग व्यवहाराचा आहे. नागत्तराचे पद व बेगूर परिसरातील बारा गावे राजाने इरुग याला दिली आणि त्या गावांची नावे एकेक करून नोंदवण्यात आली.

लढाईत पडलेल्यांच्या वारसांना जमीन देण्याच्या या प्रथेला कन्नडमध्ये 'नेत्तरुगोडगे' असा शब्द आहे. नेत्तरु म्हणजे रक्त, कोडगे म्हणजे इनाम. रक्ताबद्दल दिलेली जमीन, असा त्याचा सरळ अर्थ. आजच्या 'सानुग्रह अनुदान' या सरकारी शब्दाशी तुलना केली, तर जुना शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. हे मत अर्थातच रोज सरकारी पत्रके मराठीत आणणाऱ्या व्यक्तीचे आहे.

नावांऐवजी आकडे

बेंगळुरू ही पुढे छावणी झाली आणि स्मारकांची भाषा बदलली. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने मार्च १७९१ मध्ये बेंगळुरूचा किल्ला घेतला. मराठ्यांची फौज त्या युद्धात इंग्रजांच्या बाजूने होती. परशुरामभाऊ पटवर्धन त्याच सुमारास धारवाडला वेढा घालून बसले होते. किल्ल्यासाठी मारल्या गेलेल्या इंग्रजांच्या स्मरणार्थ शहरात नंतर एक स्तंभ उभारण्यात आला आणि त्यावरून एका रस्त्याला सेनोटाफ रोड असे नाव पडले. टिपू सुलतानाचा वृद्ध किल्लेदार बहादूर खान याच लढाईत किल्ला लढवताना पडला, परंतु त्या स्तंभाचा हेतू त्याचे स्मरण हा नव्हता. परकीय विजयाची खूण शहरात नको, या मागणीवरून १९६४ साली तो स्तंभ पाडण्यात आला. रस्त्याचे नाव आज नृपतुंग रस्ता असे आहे.

स्मारक पाडणे हा एक मार्ग झाला. महाराष्ट्रात याच्या अगदी उलट घडल्याचे उदाहरण आहे. भीमा नदीकाठच्या कोरेगाव येथील १८१८ च्या लढाईचा स्तंभही कंपनी सरकारनेच उभारला होता. परंतु त्यावर कंपनीच्या फौजेतील हिंदी शिपायांची नावे होती आणि त्यांत महार सैनिकांची नावे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी तेथे भेट दिली आणि त्या स्तंभाचा अर्थ कायमचा बदलला. दगड तोच राहिला. नावे कोरलेली होती म्हणून हे शक्य झाले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

कारण नावे कोरण्याचा नियम सर्वांना सारखा नव्हता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रणभूमीवर अनेक मराठा पलटणी लढल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळातील कुत शहराच्या वेढ्यात अडकलेल्यांमध्येही मराठा पलटणी होत्या. त्या आघाडीवर मरण पावलेल्या आणि कबर ज्ञात नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे आहे. तेथील शिळांवर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणनिहाय केवळ आकडा देण्यात आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात ही विषमता मान्य करून क्षमा मागितली. आशिया व आफ्रिकेतील ४५ हजार ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, मृतांची नावाने नोंद झालीच नाही किंवा त्यांचे स्मरणच झाले नाही, असे त्या अहवालात नमूद आहे.

आकड्यांची ही रीत आपल्या गावांपर्यंत पोहोचली होती. रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतील काही गावांत संगमरवराच्या लहान पाट्या आढळतात. या गावातून इतके जण महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील 'आपशिंगे मिलिटरी' या गावातून गेलेले ४६ जण त्या युद्धात कामी आल्याचे सांगितले जाते. गावाच्या नावातच फौज आहे. गेलेला मुलगा, पती किंवा बाप त्या आकड्यात कोठे आहे, हे घरच्यांनीच ओळखायचे. वीरगळावर नाव नव्हते, पण निदान वीराची मूर्ती तरी होती. या पाट्यांवर तीही नाही.

बेंगळुरूच्या छावणीने जगाला एक शस्त्रही दिले, त्याची नोंद येथे करायला हवी. मद्रास सॅपर्स अँड मायनर्स या दलातील कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी १९१२ साली काटेरी तारांचे अडथळे दूर करण्यासाठी स्फोटकांनी भरलेली लांब नळी तयार केली. 'बेंगलोर टॉर्पेडो' या नावाने ती पुढे दोन्ही महायुद्धांत वापरली गेली आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरही पोहोचली. त्या दलाचा वारसा चालवणाऱ्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आजही शहरातील हलसूर तलावाच्या परिसरात आहे. आपल्या शहराचे नाव एका स्फोटकाला आहे, हे बेंगळुरूतील फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

झाडांखालचे दालन

आता पुन्हा उद्यानाकडे. स्मारकासाठी निवडलेली जागा झाडांनी भरलेली होती आणि त्यामुळे प्रकल्प वादात सापडला. झाडे तोडून स्मारक नको, अशी भूमिका घेऊन नागरिक न्यायालयात गेले आणि कामाला अनेक वर्षांचा विलंब झाला. सौमित्रो घोष आणि निशा मॅथ्यू घोष या वास्तुरचनाकारांनी संग्रहालयाचे दालन जमिनीखाली नेले, जेणेकरून वरची झाडे राहतील. या निर्णयामागे पर्यावरणाचे कारण होते, परंतु त्याचा परिणाम त्याहून मोठा झाला आहे. वर मुले फिरतात, सावली असते, वाहनांचा आवाज काहीसा मंदावतो. युद्धाची माहिती देणारी वास्तू डोळ्यांसमोर उभी ठाकत नाही; तिच्याकडे उतरून जावे लागते. स्मारक आणि बाग यांतील ओढाताणीतून, कोणी ठरवले नसताना, एक शांततेचे उद्यान निर्माण झाले असे म्हणता येईल.

तुलनेसाठी पुण्यातील लष्कर भागातील राष्ट्रीय युद्ध स्मारक घेता येईल. १५ ऑगस्ट १९९८ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि नागरिकांच्या वर्गणीतून ते उभारले गेले, हे त्याचे वैशिष्ट्य. तेथे मिग-२३ विमान आणि आयएनएस त्रिशूल या युद्धनौकेची प्रतिकृती पाहायला मिळते. शाळेच्या सहलींचा ओढा साहजिकच विमानाकडे असतो. मुलांना यंत्र आवडते, त्यात गैर काही नाही. पण विमानापाशी अर्धा तास आणि नावांपाशी दोन मिनिटे, असे कोणत्याही युद्ध संग्रहालयात घडते आणि त्याला मोठी माणसेही अपवाद नसतात.

बेंगळुरूत नावांच्या शिळांपाशी थांबल्यावर पहिल्यांदा काही वाचले जात नाही. अक्षरे दिसतात, माणसे दिसत नाहीत. नंतर डोळा आपोआप ओळखीची आडनावे शोधू लागतो. मराठी माणूस जाधव, पवार, शिंदे, कदम शोधतो. शेजारी उभे असलेले कन्नड कुटुंब गौडा शोधत असते. देशभरातील नावे एकत्र असल्यामुळे प्रत्येकाला काही ना काही सापडते आणि ज्याची ओळख नाही अशा शेकडो नावांवरून डोळा फिरल्याखेरीज ते सापडत नाही.

येथे कोणते युद्ध, असा भेद नाही. १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ही वर्षे पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना माहीत असतात. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेना म्हणून गेलेल्या अकराशेहून अधिक भारतीय सैनिकांचा मृत्यू मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नसतो. त्या मोहिमेतून विजयाची बातमी आली नाही. तिचा उत्सव नव्हता आणि म्हणून बराच काळ स्मारकही नव्हते. कोलंबोजवळ श्रीलंकेच्या सरकारने त्यांच्यासाठी स्मारक उभारले, त्याचे काम २००८ पर्यंत पूर्ण झाले होते. दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्‌घाटन झाले ते २५ फेब्रुवारी २०१९ रोजी. तेथील 'त्याग चक्रा'त सुमारे २६ हजार नावे असून श्रीलंकेतील मोहिमेत पडलेल्यांचाही त्यांत समावेश आहे. त्यापूर्वीचे राष्ट्रीय स्मारक म्हणजे १९३१ साली पूर्ण झालेले इंडिया गेट. त्यावरील तेरा हजारांहून अधिक नावे पहिल्या महायुद्धातील व तिसऱ्या अफगाण युद्धातील सैनिकांची, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यासाठी लढलेल्यांची आहेत. स्वतंत्र भारताला आपल्या सैनिकांची नावे राजधानीत एकत्र लिहायला ७० वर्षांहून अधिक काळ लागला.

शहीद की हुतात्मा?

अशा स्मारकाविषयी मराठीत लिहिताना एक अडचण येते. मृत सैनिकाला काय म्हणायचे? हिंदी वृत्तपत्रांतून 'शहीद' हा शब्द येतो. मराठीत 'हुतात्मा' हा शब्द रूढ आहे, पण मुंबईच्या हुतात्मा चौकामुळे तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पडलेल्यांशी घट्ट जोडला गेला आहे. तेथे मरण पावलेले लोक सैनिक नव्हते. दुसरीकडे, 'शहीद' किंवा 'मार्टर' असा कोणताही अधिकृत दर्जा सैन्यात नाही, असे संरक्षण मंत्रालयाच्या वतीने २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे स्पष्ट करण्यात आले. लष्कराच्या नोंदीत अशा सैनिकासाठी युद्धातील हानी अशा अर्थाचा कोरडा शब्द आहे.

एका बाजूला हानीची नोंद आणि दुसऱ्या बाजूला दिव्यत्व, यांच्या मधला शब्द मराठीत सहज सापडत नाही. 'धारातीर्थी पडला' हा जुना वाक्प्रचार सुंदर आहे, पण तलवारीची धार असलेल्या काळातला आहे. भूसुरुंगावर पाय पडून किंवा हिमस्खलनात गाडला जाऊन गेलेल्या जवानाला तो लावताना हात थबकतो. शिळांवर मात्र ही अडचण नाही. तेथे विशेषण नाही, नावच आहे.

स्मारकाच्या परिसरात कारगिल विजय दिनी, २६ जुलै रोजी, पुष्पचक्र वाहण्याचा कार्यक्रम होतो. मंत्री, अधिकारी आणि माजी सैनिक येतात. शहराची स्मृती अर्थात उद्यानापुरती नाही. मुंबईतील ताज हॉटेलमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये दहशतवाद्यांशी लढताना मरण पावलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन हे बेंगळुरूत वाढलेले होते आणि येलहंका भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या तोंडी ते नाव पत्त्याचा भाग म्हणून येते. स्मरणाचा तो एक साधा, कदाचित अधिक टिकाऊ प्रकार असावा.

दुसऱ्या बाजूची नावे

युद्ध स्मारक आणि शांतता उद्यान या दोन वेगळ्या कल्पना आहेत. युद्ध स्मारक आपल्या सैनिकांचे असते. शांतता उद्यान बहुधा मृतांचे असते, मग ते कोणीही असोत. हिरोशिमा येथील उद्यान आणि १९५५ साली सुरू झालेले संग्रहालय अणुबॉम्बने मारलेल्या नागरिकांचे आहे. तेथील स्मारकाच्या कमानीखाली मृतांच्या नावांची नोंदवही ठेवलेली असून दरवर्षी ६ ऑगस्टला तीत नव्या नावांची भर पडते, कारण किरणोत्साराचे बळी त्यानंतरही अनेक वर्षे मरण पावत राहिले.

जपानच्याच ओकिनावा बेटावरील उदाहरण याहून धीट आहे. १९४५ च्या वसंतात तेथे झालेल्या लढाईत जपानी आणि अमेरिकन सैनिकांबरोबरच बेटावरील सामान्य नागरिक मोठ्या संख्येने मारले गेले. त्या घटनेला ५० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, १९९५ साली, 'शांततेची कोनशिला' या अर्थाच्या नावाचे स्मारक समुद्राकाठी उभारण्यात आले. काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक नावे आहेत आणि त्यांत जपानी आहेत, ओकिनावाचे नागरिक आहेत, कोरियन आहेत, अमेरिकन व ब्रिटिश सैनिकही आहेत. शत्रूचे नाव आपल्या भूमीवर कोरणे ही गोष्ट जगात फार थोड्या ठिकाणी घडली आहे.

भारतात असे स्मारक शक्य आहे काय, हा प्रश्न आज विचारणेही अनेकांना रुचणार नाही. ज्या सीमांवर अजून गोळीबार थांबलेला नाही तेथे दोन्ही बाजूंची नावे एकत्र मांडण्याची अपेक्षा करणे अकाली ठरेल. ओकिनावालाही त्यासाठी अर्धे शतक जावे लागले. तरी एक बाब नोंदवण्याजोगी आहे. बेगूरच्या शिळेवर शत्रूचा, वीरमहेंद्राचा, उल्लेख नावानिशी आहे आणि त्याच्या नावाला कोणतीही शिवी जोडलेली नाही. लढणारे दोन्ही पक्ष शेजारी होते आणि पुढेही शेजारीच राहणार होते.

वीरगळांच्या जोडीने काही ठिकाणी आणखी एक शिळा दिसते. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात तिच्यावर कोरलेला असतो. ती सतीशिळा. वीराच्या मरणाचा दुसरा मृत्यू तेथे नोंदवलेला असतो, तोही बहुधा नावाशिवाय. आजच्या स्मारकांत ती शिळा नाही, हे चांगलेच झाले. पण मागे राहिलेल्या पत्नीला, आईला किंवा मुलांना आधुनिक स्मारकांनी कोणती जागा दिली आहे, हे शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. पुष्पचक्राच्या कार्यक्रमात त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्च्या असतात, एवढेच.

भेट कशी द्यावी

स्मारकासाठी मेट्रोच्या जांभळ्या मार्गावरील डॉ. बी. आर. आंबेडकर, विधान सौध हे स्थानक सोयीचे आहे. तेथून रिक्षाने किंवा पायी जाता येते. भूमिगत दालन, तसेच कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय संग्रहालय कोणत्या दिवशी व किती वाजेपर्यंत खुले आहे, याची चौकशी आधी करून घेणे उचित ठरेल. वेळ थोडा असेल, तर दालनापेक्षा नावांच्या शिळांना तो द्यावा. बेगूर शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि वाहतुकीची कोंडी लक्षात घेता त्यासाठी अर्धा दिवस लागतो.

उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी हेब्बाळ येथे आणखी एक शिळा आहे. ती सुमारे इसवी सन ७५० मधील असून शहरातील सर्वांत जुना कन्नड लेख तिच्यावर आहे. राष्ट्रकूटांच्या बाजूने झालेल्या चढाईत आपला प्रदेश राखताना कित्तय्या नावाचा माणूस मारला गेला, अशी तिची नोंद आहे. गेल्या शतकाच्या आरंभी या परिसरातील शिलालेखांची पद्धतशीर नोंद झाली होती, पण पुढे शहर वाढत गेले आणि ही शिळा दृष्टीआड झाली. २०१८ साली गटारासाठी खोदकाम चालू असताना ती मातीतून वर आली. स्थानिक रहिवाशांच्या पुढाकाराने ती जतन करण्यात आली. तिच्यावरील जुनी कन्नड अक्षरे झिजली आहेत, परंतु कित्तय्याचे नाव वाचता येते.